फेरतपासणी

साहेबांनी दार वाजवलं आणि पाहणीवाला त्यांच्या मागे सरकला. या दारापर्यंत तो आजवर आलाच नव्हता.

घरोघर जायचं, खाण्यापिण्यावर किती खर्च होतो ते विचारायचं आणि टॅबवर भरायचं, एवढंच त्याचं काम. पण मागच्या फेरीत सगळ्यात वरचा मजला चढायचा त्याला कंटाळा आला. खालच्या पायरीवर बसूनच त्याने या घराची माहिती ठोकून दिली, आणि तीही स्वतःच्या घरची. आता फेरतपासणीला नेमकं हेच घर निघालं होतं. थाप उघडी पडली की नोकरी जाणार. बायकोला दिवस गेलेले, आणि कमावता तो एकटाच.

एका बाईने दार उघडलं, दोघांना खुर्च्या दिल्या. साहेबांनी चष्मा चढवला.

"तुमच्या घराला महिन्याला चार लिटर तेल, असं इथे लिहिलंय. बरोबर आहे?"

बाईने साहेबांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आता ही तोंड उघडणार आणि आपण रस्त्यावर.

"बरोबर," ती म्हणाली.

त्याचा कानांवर विश्वास बसेना. साहेब एकेक वाचत गेले. डाळी, अंडी, रोजचं दूध, फळं. बाई प्रत्येकाला हो म्हणत होती. बदाम आले तेव्हा मात्र साहेब अडखळले. त्यांनी पोपडे आलेल्या भिंतीकडे नजर टाकली. बदाम त्याच्या बायकोला डॉक्टरांनी सांगितले होते. कुठून अवदसा आठवली आणि तेही भरले, असं त्याला झालं.

"हो, बदामही," बाई हळूच म्हणाली.

तेवढ्यात त्याला पडद्याच्या फटीतून स्वयंपाकघर दिसलं. फळीवर दोनच डबे होते, त्यातला एक झाकण काढून पालथा घातलेला. साहेबांनी मान वळवली तर संपलंच. त्याने खुर्ची सरकवली आणि फट पाठीआड केली.

साहेबांनी सही ठोकली. काम चोख आहे हो तुमचं, असं म्हणत ते जिना उतरायला लागले. त्याचा जीव भांड्यात पडला. बूट घालायला तो खाली वाकला, तशी बाई दाराशी आली. साहेबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने ती म्हणाली,

"दादा, एवढं सगळं यायला वेळ लागेल, कळतं मला. दूध तेवढं आधी पाठवाल का?"