समोरचा वकील

२०१९ सालचा एप्रिल. आष्टीच्या कोर्टासमोरच्या खोलीत वनमालाबाई वकील कायद्याची पुस्तकं पोत्यात भरत होत्या. तेवढ्यात कड्याचा बिभीषण कागदांची पिशवी घेऊन आत आला.

"मी वकिली सोडली, बिभीषण. सोमवारी पुण्याला चालले, बहिणीकडे. दुसरा वकील बघ."

बिभीषण उंबऱ्यावरच बसला. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांवरून त्याचा चुलतभाऊ भागवत त्याच्यावर दावा लावणार होता. भागवतने वकील गाठले होते मोहनराव.

ते नाव ऐकून वनमालाबाईंचा हात थांबला. तेहतीस वर्षांत मोहनरावांच्या समोरची एकही केस त्यांनी नाकारली नव्हती. हरणारीसुद्धा. दोघं एकाच वर्षी सनद घेऊन आष्टीत आले. एकाच वकिलाच्या हाताखाली, एकाच बाकावर बसून दाव्यांचे मसुदे लिहायला शिकले. मग मोहनरावांच्या घरच्यांनी केसरबाईंचं स्थळ आणलं आणि त्यांनी मान डोलावली. वनमालाबाईंनी लग्न केलं नाही. विचारणाऱ्यांना त्या कामाचा व्याप सांगत.

त्यानंतर भेट फक्त कोर्टात. बांधांचे वाद, वाटण्या, बक्षीसपत्रं. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर खून झाला, तेव्हा एकमेकांवर खापर फोडणाऱ्या दोन आरोपींचे दोन वकील म्हणून बीडच्या सेशन कोर्टात. वकिली रिवाजाप्रमाणे मोहनराव त्यांना 'माझे विद्वान मित्र' म्हणत. तेवढंच त्यांच्या वाट्याला येई. तेवढ्यासाठी त्या आठवडाभर आधीपासून तयारी करत. आता साठी उलटली होती. इतकी वर्षं आपण एकट्यानेच वाट पाहिली, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं होतं. म्हणून पुणे.

"न्हाई म्हनू नका, बाई. तुमी न्हाई घेतली, तर मोहनराव सायेब भागवतची बी केस सोडतेत."

"मग तुझं चांगलंच की."

"कशाचं चांगलं! भागवत नगरचा वकील आनंल, त्यो आमाला वीस वर्सं खेळवील. तवर हिरीत दगडं तरी ऱ्हातेल का? तुमी दोघं समोरासमोर असला, की दावा उरकतो."

"पण मी नाही म्हटलं तर ते कशाला सोडतील?"

"त्येंची अटच हाय तशी. 'समोरच्याला वनमालाबाईकडं धाड, मग तुझे कागद बघतो.' माझ्या बापाच्या टायमापासून हाय. समद्या तालुक्याला ठाव हाय."

"मला नाही ठाऊक."

"तुमाला कोन सांगंल? लोक म्हनतेत, कच्चा वकील समोर घेतला, की जितायला सोपं जातं."

बोलून गेल्यावर बिभीषणने जीभ चावली. वनमालाबाई रागावल्या नाहीत. पोत्याचा आधार घेऊन खाली बसल्या. मोहनरावांच्या समोरच्या दाव्यांपैकी निम्म्याहून अधिक त्यांनीच जिंकले होते.

मग त्यांनी हात पुढे केला. "आण ते कागद."

सोमवारी पुण्याची गाडी गेली, तेव्हा त्या कोर्टाच्या बार रूममध्ये होत्या. मोहनराव खिडकीशी एकटेच चहा पीत होते.

"समोरचा वकील तुम्हीच ठरवता म्हणे?"

उलटतपासणीत भल्याभल्यांची बोलती बंद करणाऱ्या मोहनरावांनी कप खाली ठेवला.

"वकिलाला दिवसभर बोलावंच लागतं, वनमालाबाई," ते म्हणाले. "तुम्ही उभ्या राहिलात, की मला बसून ऐकायला मिळतं."

बाहेर मोहनरावांच्या दुसऱ्या एका केसचा पुकारा झाला. ते उठून गेले. या विषयावर दोघं पुन्हा कधीच बोलले नाहीत.

विहिरीचा दावा पुढच्या संक्रांतीच्या आत तडजोडीने मिटला. बिभीषण आणि भागवत आता चार-चार दिवस पाणी घेतात आणि एकमेकांच्या मोटारीवर नजर ठेवून असतात. पुण्याच्या बहिणीने दोन वर्षं अबोला धरला, मग स्वतःच आष्टीला येऊन महिनाभर राहून गेली. मोहनराव २०२२ च्या उन्हाळ्यात गेले.

तेराव्यानंतर दिरांनी केसरबाईंचं नाव सातबाऱ्याला लागू दिलं नाही. तेव्हा त्या कागद घेऊन वनमालाबाईंच्या खोलीवर आल्या. 

"आमचे हेच सांगून गेलेत," त्या म्हणाल्या. "जमिनीचं काही निघालं, तर वनमालाबाईंकडंच जा म्हनले. लई वर्सं समोर उभं केलं, म्हनले, आता आपल्या बाजूला घे."

वनमालाबाईंनी वकीलपत्र घेतलं. पहिल्या तारखेला त्या कोर्टात बोलायला उभ्या राहिल्या, ते आयुष्यात पहिल्यांदाच मोहनरावांच्या बाजूने.