पूर्ण वाक्यात

इंग्रजी शिकवायचा कोर्स करून जागृती व्हिएतनामला नोकरीला गेली, त्याला आता दोनेक महिने झाले. दिवसभर छोट्या मुलांना शिकवून तिला अशी सवय लागली की मानपाड्याला घरी व्हिडिओ कॉल केला तरी ती एकेका शब्दाला एकेक बोट उघडत सावकाश बोलायची.

"आई. आज. काय. जेवलीस?"

"बोंबलाचं कालवण."

"अंहं, पूर्ण वाक्यात!"

"अगं बाई! मी आज बोंबलाचं कालवण आणि भाकरी जेवले. झालं समाधान?"

"व्हेरी गुड!" म्हणत जागृती टाळ्या वाजवायची आणि मागून बाबा हसायचे, "शकू, तुला स्टार मिळाला बघ."

काल आईने विचारलं, "तुला करमतं ना गं तिकडे?"

"मस्त!"

"अंहं. पूर्ण वाक्यात."

जागृती हसली. "मला इथे..." म्हणाली आणि तिथेच अडकली. मग उगाचच चष्मा पुसत बसली.

आईने फोन जवळ घेतला. "असू दे. नवीन धड्याला होतं असं. मी म्हणते, तू माझ्यामागून म्हण." आणि लेकीसारखीच एकेक बोट उघडत ती म्हणाली, "मला. तुझी. खूप. आठवण. येते."

जागृती तोंड उघडणार, त्याआधी मागून बाबांनीच ते वाक्य म्हणून टाकलं.