लेइदाचं पाकीट
पादोवाच्या जुन्या औषधी बागेत माझ्यासोबत माळीकाम करणाऱ्या बोर्तोलोची बायको ओर्नेला काल पहिल्यांदाच बाग बघायला आली. मुठीत नवऱ्याच्या खिशात सापडलेलं पाकीट होतं, त्यावर वळणदार अक्षरात लिहिलेलं: ‘लेइदासाठी’. “दर हिवाळ्यात याचं सुरू: ‘लेइदाचं पत्र आलं!’ कुठंय ती बया?” बोर्तोलोच्या हातातली झारी लवंडली. मी हसू दाबत म्हणालो, “वहिनी, लेइदा बाई नाही, हॉलंडमधलं गाव आहे. तिथल्या बागेचं दर हिवाळ्यात बियांसाठी पत्र येतं, आम्ही पाठवतो.” तिनं पाकीट फोडलं. आत चार बिया आणि बोर्तोलोची चिठ्ठी होती: ‘जपून लावा. हिला थंडी सोसत नाही. पांघरूण घाला.’ “पटलं ना?” बोर्तोलो सुटकेनं हसला. “बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या,” ती म्हणाली. “मला थंडी वाजते का, तीस वर्षांत कधी विचारलंस?” पाकीट तिनं स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.