चुकलेला नेम

नेत्यावर झालेला हा चौथा हल्ला. या खेपेला हल्लेखोर पहारेकऱ्यांच्या गोळीने जागीच पडला. वेगळा देश मागणाऱ्यांपैकी होता, एवढंच कळलं होतं. शवागारात नेत्याने मृतदेहाचा चेहरा पाहिला आणि म्हाताऱ्या आईला बोलावून घेतलं, तेव्हा अधिकाऱ्याला नवल वाटलं.

"चारही वेळा हाच होता, साहेब. अगदी समोरून झाडल्या, पण एक गोळी लागेल तर शपथ! नेमबाज म्हणून अगदीच कच्चा. तुमचं नशीब बलवत्तर."

आईने चादर बाजूला केली आणि धाकट्याच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"कच्चा? अहो, लहानपणी गल्लीतला एक दिवा याने शाबूत ठेवला नव्हता. धावत्या सायकलवरून बेचकीने फोडायचा. लोकांची भांडणं निस्तरताना माझ्या नाकी नऊ यायचे. आणि मारायला धावले, की हा आपला दादाच्या पाठीमागे."

नेत्याने भावाच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं. मग अधिकाऱ्याकडे न बघताच म्हणाला,

"आजपासून पहारा वाढवा. आता मला मारायला दुसरं कुणीतरी येईल."