बातम्या संपेपर्यंत

नातीनं बिस्किटांच्या डब्यात बसवलेल्या घड्याळात संध्याकाळचे सात वाजले, तरी गजर द्यायला ठेवलेला आतला खेळण्यातला बेडूक गप्पच. दहा मिनिटांनी हिरवे दिवे लुकलुकले आणि तिच्याच आवाजातलं "डराव डराव" ऐकू आलं.

"पोरगी चुकली," म्हणत तात्या मास्तरांनी दुसऱ्या दिवशी, ती शाळेत असताना, तिला न विचारताच वेळ दुरुस्त केली.

संध्याकाळी रेडिओवर बातम्या सुरू होताच बेडूक ओरडला. नात धावत आली.

"तात्या, सातला कुणी लावलं याला? मध्येच आवाज झाला की तुम्ही चिडता, म्हणून मी त्याला बातम्या संपेपर्यंत थांबायला शिकवलं होतं!"

तिनं स्पीकरची वायर उपटली.

"परत जोड ना, बाळा."

"राहू दे. तुम्ही बातम्या ऐका."

हल्ली सातला नुसतेच दिवे लुकलुकतात. तात्या रेडिओ लावत नाहीत.