जास्तीचं पान

नाबर वकील सरळ तिसऱ्या पानावर जाऊन बसले आणि कावेरीच्या हातातली कढी हिंदकळली.

"वा! मी येणार हे वहिनींना आधीच कळलं होतं वाटतं," वकील हसले.

त्या पानावर आजवर कोणी जेवलं नव्हतं. रोज दुपारी त्यावर भात वाढायचा, निवला की गाईला घालायचा. रांगती दुर्गा दरवेळी त्याच पानाकडे झेपावायची आणि कावेरी दरवेळी तिला मागे ओढायची.

वकिलांनी बांगड्याचा काटा बाजूला ठेवला. "श्रीपादराव, तुमचे इन्कमटॅक्सचे कागद बघितले. अविवाहित लिहिता? अहो, नव्या कायद्यात लग्न झालेल्याला माफी जास्त, सड्याला कमी. घरात अशी लक्ष्मी, मांडीवर लेक, आणि सरकारदरबारी तुम्ही सडेफटिंग! तुमच्या खोबऱ्याच्या वखारीत एवढा पैसा झाला काय, की माफी नको?"

श्रीपादने मान वर केली नाही. "राहू दे, वकीलसाहेब. लिहिलंय ते बरोबर आहे."

"वहिनी, तुम्हीच समजवा यांना." वकिलांनी आणखी एक वाटी कढी मागून घेतली आणि ढेकर देत उठले.

ते गेल्यावर कावेरी उष्टी काढायला वाकली, ती तशीच थांबली. "माका बायल मानूक नाय काय तुमी?"

श्रीपाद दारातून बाहेर बघत होता. "तुका बायल म्हणान लिवचा, तर आदी मधू मेलो म्हणान लिवक व्हया. ता माझ्या हातान जावचा नाय गो."

मधू. तिचा नवरा, श्रीपादचा जिवलग. दोघांचा मचवा रेडीच्या बंदराबाहेर उलटला होता. श्रीपाद एकटाच किनाऱ्याला लागला. मधू सापडलाच नाही, जिवंत नाही आणि मेलेलाही नाही. तिचं कोणी बघायला नव्हतं, म्हणून श्रीपाद तिला घेऊन मालवणात आला. इथे लोकांनी न विचारताच त्यांना नवराबायको धरलं. हळूहळू त्यांनी स्वतःलाही, आणि मग दुर्गा झाली. फक्त गळ्यातली पोत मधूने बांधलेली होती आणि तिसरं पान मधूचं होतं. ती मांडायची, श्रीपाद मुकाट्याने बघायचा. आपल्यासाठी सोसतोय बिचारा, असं तिला वाटायचं.

रात्रभर दुर्गा तिच्या कुशीत चुळबुळत होती. उद्या ही शाळेत जाईल. नावापुढे कोणाचं नाव लावायचं हिच्या? सडेफटिंग माणसाचं?

सकाळी कावेरीने पोत काढून देवापाशी ठेवली. दुपारी नेहमीसारखी तीन पानं मांडली आणि दुर्गेला उचलून तिसऱ्यावर बसवलं.

"जेव गो बाय. ह्या पान आता तुझा." मग श्रीपादकडे वळून म्हणाली, "मेलो तो. मी सांगतंय. आता लिवा."

दुर्गेने दोन्ही हात भातात खुपसले आणि खिदळली. श्रीपादही हसला. त्याने लेकीच्या केसांतून हात फिरवला, तिच्या हनुवटीवरचं शीत टिपलं. कावेरीला वाटलं, सुटलो एकदाचे.

तेवढ्यात तो उठला. कोपऱ्यातून एक पान ओढलं, ओल्या हाताने पुसलं आणि लेकीच्या शेजारी चौथं मांडलं.