कुत्र्यासकट भाडेकरू

"कुत्रं हाय आमच्याकडं," दीक्षाने फोनवर सांगितलं आणि डोळे मिटून घेतले. यापुढे नकार येतो, हे तिला आता पाठ झालं होतं.

समुद्राकाठच्या एका घरमालकाला कुत्रं चालणार होतं, पण छोटं, केसाळ, मांडीवर बसणारं. बंड्या मांडीवर बसला असता तर मांडी शिल्लक राहिली नसती. दुसऱ्याने आधी आडनाव दोनदा विचारून घेतलं आणि मग कुत्र्याचं निमित्त काढलं. दीक्षाला असले लोक आवाजावरूनच कळायचे.

कवठे येमाईतल्या त्यांच्या वस्तीला तिन्ही बाजूंनी ऊस होता आणि दिवाळीपासून त्या उसात तो होता. दिवेलागणीनंतर त्याचं नाव कुणी घेत नसे. बिबट्या हा शब्द फक्त वनखात्याच्या फलकावर. वस्तीवर 'तो' म्हटलं की लहान पोरालाही कळायचं. बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जात. आधी त्या एकमेकींना बघून हसायच्या. मग शेजारच्या सरूबाईचं कुत्रं दारातून गेलं, नुसती साखळी राहिली, आणि हसणं बंद झालं.

ठसे बघायला वनरक्षक आला, तेव्हा त्याने दीक्षाला बाजूला घेतलं.

"ताई, वस्तीवर तो कुत्र्यासाठीच येतो. कुत्रं गावलं की माणसाकडं बघत बी न्हाई. तुमचं आता एकलंच राहिलंय. संभाळा."

दीक्षाला आणि तिच्या नवऱ्याला, संघर्षला, मूलबाळ नव्हतं. बंड्या संघर्षला कारखान्याच्या गेटजवळ सापडला होता, डोळेही न उघडलेला. दीक्षाने त्याला बोळ्याने दूध पाजून वाढवलं. आता ती ऊन उतरलं की त्याला घरात ओढायची, कडी घालायची आणि दाराला धान्याची कोठी लावायची.

एका संध्याकाळी संघर्ष शिरूरला गेला होता. बंड्या एकदम दाराकडे तोंड करून उभा राहिला. भुंकला नाही. त्याच्या पाठीवरचे केस ताठ झाले आणि बाहेरून काहीतरी दाराला अंग घासत सावकाश गेलं. दीक्षाने दोन्ही हातांनी बंड्याचं तोंड दाबून धरलं. संघर्ष परतला तेव्हा ती तशीच बसलेली होती आणि दारावर बाहेरून ओरखडे होते.

"मला आता इथं न्हाई राहायचं," ती म्हणाली. "बंड्याला घिऊन कुठंबी चला."

संघर्षने रांजणगावच्या कारखान्यातून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. वायरिंग, पंपाच्या मोटारी, सगळं त्याच्या हातचं. पोट कुठेही भरलं असतं. त्याने बराच विचार केला आणि नकाशातल्या समुद्रावर बोट ठेवलं.

"जिथं ऊस न्हाई, तिथं तो न्हाई."

वस्तीवर सगळ्यांना हे पटलं. तो उसातूनच येतो, उसातच वितो, हे प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेलं. उसाशिवायचा बिबट्या म्हणजे पाण्याशिवायचा मासा, असंच तिथे धरून चालत.

आणि मग किनाऱ्यावरच्या माडबंदरची एक घरमालकीण फोनवर भेटली.

"कुत्रा आहे? मग तुम्हीच या," ती म्हणाली. दीक्षाने डोळे उघडले.

बाईने बंड्याचं वय विचारलं, अंगाने केवढा, भुंकतो का, सगळं मायेने विचारलं. तिच्या गावाला कुत्र्यांचं फार कौतुक, असंही सांगितलं. अट एकच. कुत्रा घरात नको, ओसरीवर बांधायचा. दीक्षाने लगेच हो म्हटलं. समुद्राकाठी ओसरीला काय धोका?

निघताना सरूबाई नातवंडांना जवळ घेऊन उभी होती. ती दीक्षाचा हात सोडेना.

"तुम्ही जावा, पर बंड्याला ऱ्हाऊ द्या. आमी संभाळू त्याला," ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली. दीक्षाला भरून आलं. मुक्या जनावरावर शेजारणीचा एवढा जीव असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

माडबंदरात शिरल्यापासून संघर्ष टेम्पोतून मान बाहेर काढून दोन्हीकडे बघत होता. उसाचं एक कांडंही नाही. माड, सुपारी, मागे काजूची दाट झाडी आणि डोंगर. घर वाडीच्या अगदी टोकाला, मालकिणीच्या घराला लागूनच होतं. मध्ये नुसतं मेंदीचं कुंपण.

बंड्याला बघायला लोक जमले. कुणी मासळीची डोकी आणली, कुणी भात. ओसरीच्या खांबाला लोखंडी कडी आधीपासूनच होती. आधीचे भाडेकरूही कुत्रेवालेच होते, मालकीण म्हणाली. कुत्रा गेल्यावर त्यांना करमेना, म्हणून घर सोडलं. वाडीत भटकं कुत्रं एकही दिसलं नाही. बरंच झालं, दीक्षाला वाटलं, बंड्याच्या मारामाऱ्या टळल्या.

तिने बंड्याच्या गळ्यातला खिळ्यांचा पट्टा सोडवला. त्याची मान खाली सोलवटली होती. तिने तिथे खोबरेल लावलं, साधा पट्टा घातला आणि खिळ्यांचा नेऊन खाडीत फेकून दिला. मग त्याला ओसरीवर बांधून ती आत चहा ठेवायला गेली.

दिवेलागण झाली होती. दार सताड उघडं होतं आणि दीक्षाला कडीची आठवणही नव्हती. आपल्याला भीती वाटत नाही, हे ध्यानात आलं तेव्हा तिला हसूच आलं. समुद्राचा आवाज येत होता. वाडीतली बाकीची दारं एकेक करून बंद होत होती. इकडची माणसं लवकर निजत असतील, तिने मनाशी म्हटलं.

कुंपणापलीकडे मालकीण सुनेला हाक मारत होती.

"आता सोड गं पोरांना अंगणात. तो आला तरी आधी कुत्र्याकडेच जायचा."